सर, तुमचा आवाज परत करून राह्यलो

ज्यायनं हे वाचाले घेतलं त्यायले पयलेच सांगून ठेवतो. मी टेप. मेहकरच्या बसस्टँडसमोर मोबाइल दुरुस्त करते तो. लग्नात स्टेजवर चढून नवरीच्या मामाचा आवाज काढते, अन् मंग पंगतीत त्याच मामापासून लपत फिरते तो. तुमाले वाटून राह्यलं असन का आता टेप आपल्या फुटबॉलच्या सुरडकर सरची नक्कल करन, पयले पोट धरून हसवन, मंग हळूच रडवन, अन् आपुन रुमाल काढून तयार बसू. तं रुमाल खिशात ठेवा. नक्कल बंद आहे. सरचा जन्म कुठचा, शिक्षण किती, हेबी मी सांगत नाही. ते चौकातल्या बॅनरवर छापलं आहे. बॅनरवरचा फोटो पासपोर्टचा आहे, त्याच्यात सर असे पाहून राह्यले जसं रेफरीनं त्यायची पेनल्टी नाकारली.

लोकायले एवढं बस झालं. सर, आता तुमच्याशी बोलतो. ते बसतीन बाजूले.

तुमाले जाऊन अजून महिना नाही झाला. मले तुमाले एक गोष्ट सांगायची आहे, अन् गंमत अशी का ती तुमाले माहीत आहे. ज्यायले माहीत नव्हती त्यायले सांगायची होती. दहा महिने होते माझ्याजवळ. रोज सकाळी साडेपाचले मैदानावर तुम्ही माझ्याकडे पाहत अन् मी बुटाची लेस बांधत बसे. एवढी लेस जगात कोणी बांधली नसन.

पण पयले पयल्या दिवसाचं बोलू द्या. तिथं माझा गुन्हा लहान आहे.

नववीत होतो. शाळेच्या पाण्याच्या टाकीमांगं तुमची नक्कल चालू होती. एक हात खिशात, मान तिरपी, अन् तो तुमचा कामठीहून आणलेला अर्धा हिंदी अर्धा वऱ्हाडी आवाज: "अबे पोट्टेहो, बॉल के पीछे मत भागो! बॉल काय एसटी आहे काय, सुटून जाईन?" पोट्टे मातीत लोळून हसत होते. मंग एकदम हसणं बंद झालं. नक्कल करणाऱ्याले हसणं बंद झालं का समजते, ज्याचा माल आहे तो मांगं उभा आहे.

"आवाज बरोबर आहे," तुम्ही म्हटलं. "पाय चुकला."

"सर?"

"मी डाव्या पायानं लंगडतो बे. तू उजव्यानं लंगडून राह्यला. पुन्हा कर."

मले वाटलं, आता कानफटात बसते. पण तुम्ही खरंच उभं राहून पाह्यलं. तीन वेळा कराले लावलं, सगळ्या नववीसमोर. तिसऱ्या खेपेले पाय बरोबर पडला तं तुम्ही टाळी वाजवली. "ज्याले एवढं बारीक दिसते त्यानं गोलकीपर व्हावं. उद्या साडेपाचले ये. नाव काय बे तुझं, टेप?" नाव मी सांगतलं, पण तुम्ही टेपच म्हणत राह्यले. आता माझी मायबी टेपच म्हणते.

गोलकीपर झालो. अख्ख्या जिल्ह्यात सगळ्यात जास्त बोलणारा अन् सगळ्यात कमी अडवणारा. बॉल माझ्या दोन पायाच्या मधातून जाये तं जुनेद, माझ्या पुढं उभा राहून बचाव करणारा आपला स्टॉपर, मागं वळून म्हणे, "टेप, दार लावत जाय ना बे." तुम्ही मात्र मले टीममधून काढलं नाही. "हा अडवत नाही, पण याले दिसते," म्हणत. मले राग ये. आता समजते का त्या मैदानावर तुम्ही कोणालेच काही फुकट म्हणत नव्हते.

काय मैदान होतं ते! गोलपोस्ट कोणाच्या तरी वावरातले जुने स्प्रिंकलरचे पाइप. एका बाजूनं नाल्याकडे उतार, म्हणून डावीकडून मारलेला कॉर्नर रोज नाल्यात. पोट्टे कुरकुर करत तं तुम्ही म्हणत, "उतारावर खेळणाऱ्याले सपाट मैदान सुट्टीसारखं वाटते." अन् दिवसातून पन्नास वेळा एकच: "मान फिरव! बॉल याच्या आधी मान फिरव! मान सुतळीनं बांधली काय?" बॉल पायात आल्यावर पाह्यलं तं उशीर, आधी पाह्यलं तं खेळ. मी आता मोबाइल खोलाच्या आधीबी स्क्रू मोजतो. ते तुमचंच.

त्या लंगड्या पायावरून आपलं भांडण कधी मिटलं नाही. मी म्हणे, "सर, तुम्ही कामठीत एवढे खेळले, पण अर्धेच राह्यले." कारण तुम्हीच सांगत, दिवसा कारखान्याच्या स्टोअरमध्ये नट-बोल्ट देत होतो अन् संध्याकाळी क्लबकडून खेळत होतो. एका मॅचमध्ये गुडघा गेला अन् दुसऱ्या दिवशी लंगडत लंगडत स्टोअरमध्ये हजर, कारण गुडघा क्लबचा होता अन् हजेरी कारखान्याची. मले ते सगळं अर्धवट वाटे. तुम्ही चिडत. "अर्धा नाही बे! दिवसा एक पुरा माणूस, संध्याकाळी वरून अर्धा प्लेयर. बेरीज कर. मी दीड होतो!"

मंग एक दिवस माझ्या दुकानात मोबाइलवर इंग्लंडमधली कोणती तरी बारकी लीग चालू होती. तिथचा एक बॅक आठवडाभर लोकायच्या घरचे नळ बसवते अन् शनिवारी खेळते, असं कॉमेंट्रीवाला सांगून राह्यला होता. मी मतलब सांगतला तं तुम्ही स्टुलावरून उठूनच उभे झाले. "नळवाला?" "हाव सर." "अन् क्लबकडून खेळते?" "हाव." मंग आठ दिवस तुम्ही मेहकरात भेटन त्याले सांगत होते, "इंग्लंडमध्येबी आपल्या लाइनचे लोक आहेत." पान टपरीवाल्यालेबी सांगतलं. त्यानं विचारलं, "मंग त्यायचा गुडघा कसा आहे?"

ते भांडण मी हारलो, सर. लिहून देतो. दीड.

अन् फुटाणे. बाकी कोच जिंकल्यावर पार्टी देतात, तुम्ही हारल्यावर फुटाणे वाटत. जिंकलो तं म्हणत, "जा घरी, माय जेवू घालन." हारलो का पॅंटच्या खिशातून कागदाचा पुडा निघे, अन् गोल करून बसवून मूठ मूठ वाटत. कोणी नाही म्हटलं तं चालत नव्हतं. "हारलेलं गिळू नोको, चावून खाय. जितकं चावशीन तितकं पचन." अन् खरंच, फुटाणे तोंडात असले का कोणाले शिव्या देता येत नाही. तोच त्याच्यातला खरा फायदा होता.

मंग तुमचा गळा.

नागपूरच्या ऑपरेशनहून तुम्ही परत आले तं गळ्याले रुमाल बांधेल. रुमालाखाली भोक, श्वास तिथूनच. आवाज डॉक्टरनं काढून घेतला. पयल्या दिवशी मैदानावर आल्या आल्या तुम्ही शिट्टी तोंडात धरली. गाल फुगवाले गेले, अन् शिट्टी चूप. तोंडातून हवाच निघत नव्हती. तुमालेबी ते तिथंच समजलं, आमच्यासमोर. वीस पोट्टे खाली मान घालून उभे. तुम्ही शिट्टी पाह्यली, जसं तिचंच काही बिघडलं आहे, अन् माझ्या हातात ठेवली. दुरुस्तीवाला मी होतो ना.

त्या दिवशीची प्रॅक्टिस म्हणजे मयतच. तुम्ही टाळ्या वाजवत होते, हात हलवत होते, कोणाले काही समजत नव्हतं. जुनेद म्हणे, "यार, सरच्या शिव्या नाही तं पाय उठून नाही राह्यला." मले काय सुचलं माहीत नाही. माझ्या तोंडातून तुमचा आवाज निघाला: "मान फिरव बे जुनेद! सुतळीनं बांधली काय!"

सगळ्यायच्या माना फिरल्या. वीसच्या वीस.

अन् तुम्ही माझ्याकडे पाह्यलं. मी मनात म्हटलं, गेलो. माणसाचा आवाज गेला अन् मी त्याच्यासमोर तोच काढून राह्यलो, याच्यावर कोणता बाप माफ करन? तुम्ही पिशवीतून पाटी काढली. तुमच्या घरून काकूनं घेऊन दिलेली, पयलीतल्या पोराची, लाकडी काठाची. खडूनं एकच शब्द लिहिला: "पुन्हा."

तिथून मी गोल सोडून तुमचा गळा झालो. तुमच्या उजव्या बाजूले उभं राहायचं, तुमचे हात पाहायचे अन् तुमच्या आवाजात ओरडायचं. दोन महिन्यात आपल्या खुणा पक्क्या झाल्या. मानेवर टिचकी म्हणजे मान फिरव. विहिरीतून बादली ओढल्यासारखं केलं का सगळे मांगं. बंद पडेल गाडी ढकलल्यासारखं केलं का पुढं. बाहेरगावचे कोच चक्रावत. एक जण तुमच्या पाया पडाले आला अन् म्हणे, "सर, आवाज तं एकदम कडक आहे तुमचा!" तुम्ही माझ्याकडे बोट दाखवलं. तो बिचारा माझ्याबी पाया पडला.

सर, तेवढा मान मले आयुष्यात कुठं भेटला नाही. अन् तिथंच मी बिघडलो.

बुलडाण्याची फायनल. समोर खामगावची तगडी टीम, अन् आपुन एक गोलनं पुढं. दहा मिनिटं बाकी. मेहकरची कोणतीच टीम याच्या आधी फायनलपर्यंत पोचली नव्हती. खामगाववाले आपल्यावर चढून राह्यले, असं मले वाटून राह्यलं होतं. मी तुमच्याकडे पाह्यलं. तुम्ही गाडी ढकलली. दोन वेळा, जोरानं. पुढं! माझ्यापासून दोन हातावर होते तुम्ही. न समजाले जागाच नव्हती. मले समजलं होतं.

अन् मी तुमच्या आवाजात ओरडलो, "मांगं या! सगळे मांगं!"

पोट्टे मांगं आले. काऊन येणार नाही? सरचा आवाज होता. तुम्ही माझा दंड धरून हलवला, पुन्हा गाडी ढकलली, पण तोपर्यंत मले दुसरं काही दिसतच नव्हतं, मी बादली ओढत राह्यलो, "मांगं! मांगं!" दहा मिनिटात दोन गोल बसले. आपुन हारलो.

परतीच्या गाडीत तुम्ही फुटाणे वाटत होते. जुनेदपाशी आले तं त्यानं हात पुढं केला नाही. सगळ्या गाडीले ऐकू जाईन असं बोलला, "सर, आपुन दाबून राह्यलो होतो त्यायले. मांगं काऊन घेतलं? आवाज गेला तं गेला, हिंमतबी गेली काय तुमची?"

मी तुमच्या बाजूलेच बसेल होतो. माझं तोंड, जे वर्गात, लग्नात, मयतात कुठंच बंद राहत नाही, ते बंद होतं. तुम्ही पाटी काढली. चालत्या गाडीत अक्षर वाकडं आलं. जुनेदसमोर धरलं: "माझं चुकलं."

माझे फुटाणे मी खाल्ले नाही. ट्रॅकसूटच्या खिशात टाकले.

दुसऱ्या दिवशी तुमच्या घरी आलो. काकू आत भाकरी टाकून राह्यल्या होत्या. तुम्ही पाटीवर लिहिलं, "मांगं काऊन?" मी म्हटलं, "भेव वाटलं सर." तुम्ही पुसलं. मंग लिहिलं, "माझ्या आवाजात भिऊ नोको. भ्यायचं तं आपल्या आवाजात भी." मी वाचलं, तुम्ही पुसलं. अन् खाली, "सांगशीन त्यायले?" मी म्हटलं, "सांगतो सर. येत्या रविवारी."

सर, तो रविवार आला नाही. जुनेदनं प्रॅक्टिसले येणं बंद केलं. तुम्ही मले पाटीवर विचारलं, "सांगतलं?" मी लेस बांधली. पंधरा दिवसानं नुसतं प्रश्नचिन्ह काढलं. मी दुसऱ्या बुटाची बांधली. मंग तुम्ही विचारणं सोडलं. एका शब्दानं तुम्ही त्याले बोलावू शकत होते. पाटी जुनेदच्या घरी न्याची होती फक्त. नाही नेली. तुम्ही माझ्यासाठी थांबून राह्यले होते, अन् मी स्वतःले सांगत होतो का सर मोठ्या मनाचे आहेत, त्यायले काही वाटत नाही.

मले माफ करा म्हणत नाही. तुमाले तोंडी माफी आवडत नव्हती. "मैदानावर दाखव" म्हणत.

तुमचा गळ्याचा आजार पुन्हा उलटला, मंग सगळं भराभर झालं. शेवटच्या आठवड्यात मी काकूले विचारलंबी, "काकू, सरनं पाटीवर काही लिहून ठेवलं काय?" मले वाटलं होतं, माझ्यासाठी काही असन. हुकूम, शिवी, काहीबी. काकू म्हणाल्या, "लिहिलं ना. 'वरणात मीठ नाही.' अन् खरंच नव्हतं."

मयतीत जुनेद आला होता. सगळ्यायच्या मांगं, हेल्मेट छातीशी धरून. जवळ नाही आला. मले पाह्यलं अन् मान फिरवली. तुम्ही शिकवलेली मान.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात वंदना झाली, लोक दोन-दोन शब्द बोलले. मंग कोणी तरी मागून म्हटलं, "टेप, तू सरच्या आवाजात बोल ना. एकदा ऐकू दे." अख्खा मांडव माझ्याकडे पाहून राह्यला. आवाज गळ्यात तयार होता सर, दारात गाडी उभी असते तसा. मी उठलो, "जय भीम" म्हटलं, माझ्या आवाजात, अन् बसलो. लोकायले वाटलं, टेपले रडू आलं. रडू नव्हतं. तुमच्या आवाजात जे शेवटचं बोललो होतो ते खोटं होतं, अन् ते तिथंच अडकून बसलं होतं.

आता मागच्या रविवारचं सांगतो. ते तुमाले माहीत नाही.

लोणारची टीम आली होती, तुम्हीच ठरवून ठेवलेली मॅच. मी म्हटलं, रद्द नाही कराची. फक्की मी मारली, मैदानाच्या पांढऱ्या लाइनी. शिट्टी, पाटी, पाण्याचे कॅन, सगळं घेऊन उभा राह्यलो. काकू प्लास्टिकच्या खुर्चीवर नेहमीच्या जागी, गोलच्या बाजूले. पोट्टे म्हणे, "टेप, सरच्या आवाजात चालू कर. नाही तं पाय उठणार नाही." मी केलं. काय करू! "मान फिरव बे!" तुमचाच आवाज, तुमच्या गळ्यातल्या खरखरीसकट. पोट्टे ताठ झाले. मलेबी बरं वाटलं, खरं सांगतो. अर्धा तास बरं वाटलं. हाफटाइमले आपुन दोन गोलनं मांगं.

तेवढ्यात मले दिसलं, कडुलिंबापाशी गाडी लावून जुनेद उभा आहे. आत नव्हता आला. पोट्टे पाणी पिऊन राह्यले होते, अन् एक जण म्हणे, "सर असते तं मांगं या म्हटलं असतं."

मनात म्हटलं, हे असंच राहणार. माझी चूक तुमच्या नावानं या मैदानावर राहणार. पाच वर्षानं नवे पोट्टे येतीन, त्यायलेबी कोणी सांगन, सुरडकर सर चांगले होते, पण फायनलमध्ये भ्याले.

"सर नाही म्हणाले," मी म्हटलं.

कोणाचंच लक्ष नाही. माझा खरा आवाज कसा आहे तुमाले माहीत आहे. बारीक, सायकलच्या ब्रेकसारखा. मी पुन्हा ओरडलो, फाटला तं फाटला, पार कडुलिंबापर्यंत जाईन असा. "बुलडाण्याले सर मांगं या म्हणालेच नव्हते! सर पुढं म्हणत होते. मी भ्यालो. मी सरच्या आवाजात मांगं म्हटलं. सरनं माझ्यासाठी पाटीवर खोटं लिहिलं. दहा महिने मी चूप बसलो."

सर, हसणं बंद झाल्यावर काय होते ते मले माहीत आहे. पण त्या दिवशी पाणी पिणंबी बंद झालं.

जुनेद आला. सरळ आला अन् माझी कॉलर धरली. मले वाटलं मारते. मारलं असतं तं बरं झालं असतं.

"मी भेटाले नाही गेलो त्यायले," तो म्हणे. "दवाखान्यातबी नाही गेलो. तुले माहीत होतं."

"हाव."

"तुले माहीत होतं, टेप."

"हाव बे."

त्यानं कॉलर सोडली. उभ्या उभ्या पॅंट गुडघ्यापर्यंत दुमडली अन् एका पोट्ट्याचे बूट मागून घेतले. "तुह्याशी नंतर पाहतो. पयले मॅच." अन् आपल्या जागेवर जाऊन उभा राह्यला. स्टॉपरच्या.

दुसऱ्या हाफमध्ये मी तुमचा आवाज काढला नाही. माझ्याच आवाजात ओरडलो. पयले दहा मिनिटं कोणी ऐकलं नाही. लोणारचे पोट्टे हसत होते, एकानं तं माझीच नक्कल केली, बरोबर केली, दाद देतो. मी ओरडत राह्यलो. भेव वाटतच होतं, पण माझ्या आवाजात वाटत होतं. दहा मिनिटं राह्यली तेव्हा मी दोन्ही हातानं गाडी ढकलली अन् म्हटलं, "पुढं! सगळे पुढं!" जुनेदनं एकदा माझ्याकडे पाह्यलं, अन् मंग सगळी लाइन घेऊन पुढं गेला. एक गोल मारला आपुन. दुसरा पाइपले लागून नाल्यात गेला. हारलो. एक-दोन.

पण सर, पुढं जाता जाता हारलो. लोणारच्या पोट्ट्यायनं आपल्याले त्यायच्या मैदानावर बोलावलं आहे. जाऊन राह्यलो. मैदान चालू आहे, साडेपाचले, थंडीतबी. जुनेद येते. माझ्याशी बोलत नाही, पण येते, अन् लहान पोट्ट्यायले डिफेन्स शिकवते. बोलन तवा बोलन. तुम्ही माझ्यासाठी दहा महिने थांबले, मी त्याच्यासाठी दहा वर्ष थांबतो. तुमचा आवाज मी आता काढणार नाही. लग्नातबी नाही. जिथचा होता तिथं परत.

मॅच संपली, पोट्टे खाली मान घालून निघाले होते. मलेबी निघून जायचं होतं. तेवढ्यात काकू खुर्चीवरून उठल्या, अन् त्यायच्या पिशवीतून कागदाचा पुडा निघाला. सगळ्यायले गोल बसवलं. मूठ मूठ वाटलं. जुनेदनं दोन्ही हात पुढं केले. मंग काकू माझ्यापाशी आल्या, कमरेवर हात ठेवून.

"काय रे टेप, फक्की मारली का रस्ता काढला? ते गेले म्हणून लाइन वाकडी मारशीन काय? अन् त्या नाल्याकडच्या कोपऱ्यात एकटा खेळते त्या पोराले पुऱ्या मॅचमध्ये एकदाबी हाक नाही मारली तूनं. ते मारत होते. हात नसता हालला तं पाय आपटत होते, पण त्याले आवाज देत होते. अन् दहा महिने? दहा महिने लागले तुले? तुले काय वाटलं, मले माहीत नाही? टीमचे ट्रॅकसूट कोण धुते रे, तुही माय? बुलडाण्याहून आले तवा तुह्या खिशातून भिजेल फुटाणे निघाले. फुगून हे एवढाले झालते. मीनं त्यायले दाखवले, म्हटलं याचं काहीतरी चुकलं आहे, यानं खाल्ले नाही. त्यायनं पाटीवर लिहिलं, 'थांब, सांगन तो.' रोज वाट पाह्यली त्या माणसानं. रोज! अन् तू लेस बांधून राह्यला, भैताड! ... पाह्य, पाह्य, आताबी खिशात टाकून राह्यला! काढ बाहेर. काढ! मी नाही धूत पुन्हा. इथं बस माह्यासमोर, अन् चावून खाय."